हिरव्याशिवाय जंगल

२८ ऑक्टोबर १९७३, रविवार. दिघोरी

चौदा महिने ही वही बंद होती. त्याबद्दल वहीची माफी मागतो, कारण दुसऱ्या कोणाचं यात काही अडलेलं नव्हतं. शेवटच्या नोंदीत वाक्य अर्धवट आहे : ‘बोडीच्या तळ्यावरून येताना आज एकदम असा विचार सुचला की’, आणि पुढे कोरं. कोणी तरी हाक मारली असेल. विचार काय होता ते आठवत नाही. चौदा महिन्यांत तो परतही आला नाही, म्हणजे फार मोठा नसावा.

आज वही उघडली ती मारोतरावांमुळे. मारोतराव म्हणजे आमच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष. गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, अठरा नोव्हेंबरला आहे आणि मंडईच्या रात्री नाटक झालं नाही तर ती मंडई नव्हे, नुसता बाजार. लेकीजावई येतात ते नाटकाच्या निमित्ताने. दर वर्षी रंगवलेले पडदे भाड्याने येतात. यंदा ठेकेदाराने तेच पडदे त्याच तारखेला दुसऱ्या गावाला कबूल केले आहेत.

“मास्तर, पडदा रंगवून द्या,” मारोतराव खाटेवर बसता बसता म्हणाले.

मी म्हणालो, ते वेगळ्या प्रकारचं काम आहे.

“तुमी नागपूरले चित्रकला शिकले ना? घरी पेटीभर रंग हायेत म्हनतेत. पोट्टे मले विचारतेत, ड्रॉइंग मास्तर सोता कायचं ड्रॉइंग काढते? मी म्हनतो, काढत असंल बा घरी.”

विचार करून सांगतो म्हणालो.

“विचार करा. पन एक गोष्ट सांगून ठेवतो. बैलबंडीवर भोंगा लावून मी चार गावांत सात पडदे सांगून बसलो.”

आमच्याकडे नाटकाची पत पडद्यांवर मोजतात. पाच पडद्यांचं नाटक बरं, सातांचं भारी. राजा नवा नसला तरी चालतो, कथा तीच असली तरी चालते, पण प्रवेश बदलला आणि पडदा बदलला नाही तर लोक बसल्या जागेवरून ओरडतात.

पेटीची गोष्ट मारोतरावांना कोणी सांगितली कळत नाही. ताराचंद शिंप्याचा संशय आहे, तो एकदा घरी येऊन गेला होता. मारोतराव आले तेव्हा योगायोगाने चहाचं आधण आधीच ठेवलेलं होतं, त्यामुळे त्यांना थांबावं लागलं नाही. ते गेल्यावर माझी बायको गोदावरी म्हणाली, “विचार कायचा करता अजी? शाळेले सुट्ट्याच तं हायेत.”

२९ ऑक्टोबर

पेटी उघडली. तेलरंगाच्या बारा नळ्या, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नागपूरहून आणलेल्या. बाराही दगड झालेल्या. पांढऱ्याची नळी मात्र पार चपटी, म्हणजे वापरून संपलेली. मी ती कधी वापरली हे काही केल्या आठवेना. विचार करत अंगणात बसलो. तुळशीच्या ओट्यावर गोदावरीने कधीकाळी काढलेली पांढरी वेल किती पावसाळे गेले तरी तशीच आहे, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. चुना इतका टिकतो? विद्यार्थ्यांना सांगायला हवं.

ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहितो. अकरा वर्षं मी सांगत आलो की इथे रंग मिळत नाहीत, उजेड बरोबर नाही, वर्गात साठ मुलं, घरी जागा नाही. सगळं खरं आहे. पण त्यात माझी सोयही होती. जोवर साधनं नाहीत तोवर मी चित्रकार आहे. पडदा एकदा टांगला की मी कोण ते गाव ठरवील, आणि गाव अशा बाबतीत फार वेळ लावत नाही.

नाही म्हणून सांगायचं ठरवलं.

३० ऑक्टोबर

हो म्हणून आलो. वाटेत मारोतरावांनी विचारलं, “काहून घाबरून राहिले?” आणि मी म्हणालो, “घाबरतो कशाला?” असं म्हटल्यावर मग नाही म्हणायला जागा उरत नाही.

१ नोव्हेंबर

काल एसटीने भंडाऱ्याला जाऊन आलो. यादी केली होती एकवीस रंगांची, हिरव्याच्याच चार छटा. बसमध्ये यादी दोनदा वाचली आणि स्वतःबद्दल बरं वाटलं. दुकानदार म्हणाला, दिवाळीच्या रांगोळीत रंगांची पूड संपली, नवा माल पंधरवड्यानंतर. तेलरंग होता. पण ताराचंदाने बजावून सांगितलं आहे की तेलरंग लावलेला पडदा बांबूवर गुंडाळला की चिकटतो आणि उलगडताना कातडी सोलल्यासारखा निघतो. पडद्यांचे दोर गेली पंधरा वर्षं तोच ओढतो, त्यामुळे त्याचं ऐकणं भाग आहे.

एकवीस रंगांची यादी घेऊन गेलो आणि गेरू, कपड्यांची नीळ आणि चुना घेऊन परतलो. या तिन्ही वस्तू दिघोरीच्या किराणा दुकानात मिळतात.

कापडाची गतही तशीच. नवं कापड एवढ्यात मिळणार नाही. मंडळाकडे स्वतःचा एकच जुना पडदा आहे, दरबाराचा. तो उंदरांनी खाल्लेला आणि खांबांचे रंग उडालेला. ताराचंद ठिगळं लावून देतो म्हणाला. पलटवून मागच्या कोऱ्या बाजूवर रंगवायचं.

म्हणजे पडदा एक, रंग तीन, आणि चार गावांत सांगितलेले पडदे सात.

३ नोव्हेंबर

शाळेच्या मोठ्या खोलीत पडदा जमिनीवर पसरून चुन्याचा पातळ हात दिला. जाड दिला तर तडकतो. नाटकात राजा बहुतेक वेळ वनवासात असतो, म्हणून जंगल काढायचं ठरलं. कोळशाने आखणी केली. समोर तळं, त्यात दोन हंस, मागे सुरूसारखी उंच झाडं, त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर. कॉलेजात असं जंगल मला उत्तम जमायचं.

गोदावरी डबा घेऊन आली. बराच वेळ बघत उभी राहिली.

“हे कोनतं झाड हाय अजी?”

मी म्हणालो, हिमालयात असतं.

“मंग राजा हिमालयात पोचला काय? तुलाराम तं उघड्या अंगानं फिरते. थंडीनं मरन ना तो.”

तुलाराम बावीस वर्षं आमच्या नाटकात राजा आहे. उरलेलं वर्ष तो मारोतरावांकडे सालगडी असतो.

५ नोव्हेंबर

आजची फजिती लिहिताना कान गरम होतात.

हिरवा नाही म्हणून काल रात्रभर अस्वस्थ होतो. सकाळी सुचलं की नीळ आहे, घरात हळद आहे, पिवळा आणि निळा मिळून हिरवा. पाचवीच्या मुलांना मी हे दर वर्षी शिकवतो. गोदावरीचा हळदीचा सगळा डबा डिंकाच्या पाण्यात कालवला आणि झाडांच्या शेंड्यांना आधी पिवळा हात देत सुटलो. वर नीळ देणार होतो. मागे वळून पाहतो तर जंगल लाल! जिथे जिथे ब्रश फिरला तिथे तिथे लाल, अगदी लग्नघरातल्यासारखं.

धावत घरी आलो. हळदीत भेसळ आहे म्हणालो. गोदावरी सुपातले तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून ती हसली, मग पदर तोंडाला लावून हसली, मग शेजारच्या रंभाबाईंना हाक मारून दोघी हसल्या.

“अजी, चुन्यावर हळद टाकली तं कुंकूच होते. कुंकू कायचं करतेत मंग?”

बी. ए. आणि वर चित्रकलेची पदविका. डबाभर हळदीचं कुंकू केलं मी.

“पुसून टाकू नका,” ती म्हणाली. “वाळू द्या एक दिवस.” का, ते सांगितलं नाही. मी पुसणारच होतो, पण चिंधी मिळाली नाही. चिंध्यांची टोपली ताराचंदाकडे गेली आहे म्हणे.

६ नोव्हेंबर

शाळेकडे फिरकलो नाही. पोट दुखतं असं सांगितलं. दुपारनंतर खरंच दुखलं.

९ नोव्हेंबर

तीन दिवस सलग काम केलं, वहीला वेळ नव्हता. असं वाक्य या वहीत पूर्वी कधी लिहिलेलं नाही.

झालं असं की लाल वाळल्यावर पाहिलं. हिमालयातलं लाल झाड जगात कुठेच नसतं, पण लाल झाड आपल्याकडे असतं. फाल्गुनात पळसाला पान नसतं, नुसतं फूल. म्हणजे हिरव्या रंगाची गरजच नाही, फक्त महिना बदलायचा. राजाचा वनवास मी सरळ फाल्गुनात नेऊन टाकला. सुरूच्या खोडांना गेरू आणि काजळी देऊन वाकवलं, गाठी काढल्या, त्यांचे मोह झाले. बर्फाचे डोंगर तसेच चुन्याचे ठेवून खाली निळीची एक रेघ मारली, तर पहाटेचं धुकं झालं. हंस जाईनात. शेवटी त्यांची मुंगळ्यांची वारुळं केली, दोन.

हे लिहिताना माझ्या हातून बढाई होते आहे का, तपासलं. थोडी होते आहे. पण हेही खरं की प्रत्येक ठिकाणी जे करायचं होतं ते करता आलं नाही म्हणून दुसरं केलं, आणि ते दुसरं करताना वेळ कसा गेला कळलं नाही.

१२ नोव्हेंबर

सगळं संपलं.

आज पडदा शाळेतून घरी आणला. गोदावरी म्हणाली, हवा लागू द्या, डिंकाचा वास येतो. तिने आणि रंभाबाईंनी तो अंगणात दोन झाडांमध्ये दोरावर टांगला. मी पूर्वेकडे तोंड करा म्हणालो होतो की नव्हतो ते आठवत नाही, पण टांगला तसाच गेला. चार वाजता सूर्य पडद्याच्या मागे आला आणि माझ्या जंगलातून दरबार दिसायला लागला. मागच्या बाजूचे जुने खांब, कमानी, सिंहासन, एकूण एक. मोहाच्या खोडांमधून खांब उभे. एका वारुळावर सिंहासन.

चुना पातळ दिल्याचा हा परिणाम. आणखी एक हात द्यावा तर ताराचंद म्हणतो तडकेल. दहा दिवसांची मेहनत, आणि मी काढलं काय? पारदर्शक जंगल. ज्याची भीती होती तेच झालं. अकरा वर्षं मी चित्रकार असल्याचं सांगितलं, आता सहा दिवसांत सगळी पंचक्रोशी बघेल.

उद्या मारोतरावांना सांगणार, नाटक रद्द करा.

१३ नोव्हेंबर

सकाळीच गेलो. मारोतरावांनी खळ्यावरून मान वर केली नाही.

“मास्तर, जावई निघाले घरून. रद्द कायचं करता?”

मी म्हणालो, एकदा येऊन पहा आणि मग बोला. माझी लाज एकट्याने पाहून घ्या, म्हणजे चारचौघांत पाहावी लागणार नाही.

“बायको म्हने, मास्तराकडं चारलेच जा. चारले येतो,” ते म्हणाले. चारचीच वेळ तिने का सांगितली कोण जाणे. मला ती सगळ्यांत वाईट वेळ होती.

ते आले. सोबत डोक्यावर भाताच्या तणसाचा भारा घेतलेला तुलाराम. सूर्य मागे होता. मी सांगत होतो की हा चुन्याचा दोष आहे, कापड जुनं आहे, साधनं नव्हती. तुलारामने भारा खाली टाकला.

“मालक,” तो मारोतरावांना म्हणाला, “हा तं माहा दरबार व्हय.”

“हो ना बे.”

“जंगलात आलो तरी दिसून राहिला मले.” मग माझ्याकडे वळून, “मास्तर, बावीस वर्सं झाली. जंगलात आलो की तोंडानं सांगा लागते, हाय रे माहा दरबार, हाय रे माहं राज्य. लोक बिड्या पेटवतेत तवा. आता सांगाचं कामच नाही.”

मारोतराव म्हणाले, “दिवसा सूर्य हाय. रात्री काय करान?”

नंतर मी इथे लिहिलं होतं : ‘मी सुचवलं की गॅसबत्ती मागून धरावी.’ ते खोडलं आहे. नीट आठवून पाहिलं. गोदावरी दारातून म्हणाली, “बत्ती मांगून धरली तं?” मी तेच मोठ्याने म्हणालो. मोठ्याने म्हटलेलं आपलं वाटतं.

१५ नोव्हेंबर

शाळेत दारं-खिडक्या लावून तालीम. एक बत्ती पुढे, एक मागे. पुढची असली की जंगल. मागची लावली की दरबार. मागची जमिनीवर ठेवली तर खांबांचे फक्त पाय दिसतात, ते तुरुंगाचे गज वाटतात. पुढची बाजूने धरली तर मोह काळे पडतात, स्मशान होतं. ताराचंद बोटं मोजत होता.

“चार झाले,” तो म्हणाला.

“अजून तीन काढा,” मारोतराव म्हणाले. “भोंग्यावर सांगितलं हाय.”

बत्तीपुढे निळीत बुडवलेलं धोतर धरलं, चांदणी रात्र. पाच. दोन्ही बत्त्या लावल्या तर दरबाराला आग लागल्यासारखी दिसते. सहा. सातवा कोणालाच सुचेना. तुलाराम म्हणाला, “दोन्ही विझवा. अंधार. अंधाराचा पडदा नसते काय?” मारोतरावांनी तो मोजला.

१९ नोव्हेंबर

काल नाटक झालं.

आयत्या वेळी कळलं की ताराचंद दोरांवर असतो, मग मागची बत्ती धरणार कोण? पडद्याच्या मापाची समज असलेला माणूस हवा. म्हणजे मी. रात्री दहापासून पहाटेपर्यंत मी पडद्याच्या मागे बत्ती घेऊन उभा होतो, वर-खाली, डावी-उजवीकडे, नीळ लावलेलं धोतर खांद्यावर. दंडावर काचेचा चटका बसला आहे. सगळ्या गावात माझा पडदा न पाहिलेला माणूस मी एकटा. मला दिसत होता तो मागच्या बाजूचा जुना दरबार, कोण्या विसरलेल्या पेंटरचा. इतक्या जवळून पाहिला तेव्हा कळलं की त्यालाही खांबांचे कंगोरे जमलेले नव्हते. त्याने तिथे फुलं काढली होती.

कानांनी जे कळलं ते लिहितो. वनवासाच्या प्रवेशात बत्ती उचलली तेव्हा समोरचा गलका एकदम थांबला. लेकरंसुद्धा. मला वाटलं, फसलं. तुलारामचं भाषण यायला हवं होतं, तेही येईना. प्रॉम्प्टर तीनदा ओळ सांगून थकला. नंतर कळलं की तुलाराम लोकांकडे पाठ करून पडद्याकडे बघत उभा राहिला होता. मग हळू आवाजात तो एवढंच म्हणाला, “हाय ना अजून.” हे नाटकात नाही. आणि मग टाळ्या, शिट्ट्या, माझ्या हातातली बत्ती हलायला लागली. ती हलली तसा दरबार हलला असणार, कारण टाळ्या आणखी वाढल्या.

सकाळी रंभाबाई येऊन म्हणाल्या, “मास्तर, मी नऊ पडदे मोजले. बाकीचे ठेवले कोठं?”

मी गोदावरीला विचारलं, कसा होता? “बरा होता,” ती म्हणाली. “त्या वारुळापाशी थोडी जास्त नीळ लागत होती.” अकरा वर्षांत तिने चित्राबद्दल काढलेला हा पहिला शब्द. मला वाटतं, टाळ्यांनी तिचाही उत्साह वाढला.

२ डिसेंबर, रविवार

शाळा सुरू झाली, म्हणून नोंदी नाहीत.

मागच्या रविवारी पलीकडच्या गावचे लोक बैलबंडी घेऊन आले. त्यांची मंडई पौषात आहे. गिरणीचं नवं कोरं कापड आणि नागपूरहून आणवलेल्या रंगांचे चौदा डबे ओसरीवर उतरवले. हिरवेच तीन. त्यांचे अध्यक्ष हात जोडून म्हणाले, “मास्तर, आमी कायबी सांगत नाही. तुमच्या मनात येईल ते काढा.”

मी खूष झालो. चहा पाजला. एकवीस रंगांची यादी करणाऱ्या माणसाला अखेर न्याय मिळाला असं वाटलं.

आज आठवा दिवस. कापड भिंतीवर ताणलेलं आहे. रोज शाळेतून आलो की समोर बसतो. मनात येईल ते काढायचं आहे आणि मनात काही येत नाही. सोमवारी डबे रंगांच्या क्रमाने लावले. बुधवारी आकाराच्या क्रमाने. शुक्रवारी धीर करून कोळसा हातात घेतला, तर समोर तळं आलं, तळ्यात दोन हंस. मागे कोणती झाडं उगवणार ते मला ठाऊक होतं. पुसून टाकलं.

मारोतराव जाता जाता डोकावले. “एवढे रंग? आता कशाची वाट पाहून राहिले मास्तर?” भीती तीच आहे, फक्त आता तिला रंग नसल्याचा आडोसा उरलेला नाही. पहिला पडदा माझा होता की चुन्याचा, हळदीचा आणि उंदरांचा, हे या दुसऱ्यावर ठरणार, आणि पहिला तर मी पाहिलेलाही नाही.

आज दुपारी एक गोष्ट सुचली. चौदापैकी अकरा डबे बंडीवाल्यांना परत द्यावेत आणि तिनातच भागवावं. पण कोणते तीन? गेरू-चुना-नीळ पुन्हा घेणं म्हणजे स्वतःची नक्कल. दोन तास डबे पुढे-मागे सरकवले. मधे गोदावरी तांदळाचं सूप घेऊन जाताना थांबली, कापडाकडे पाहिलं, मग डब्यांकडे, आणि “हं” म्हणून गेली.

तिला यातलं काही कळतं असं नाही, पण तिच्या हाताला गुण आहे. हे वाक्य लिहून खोडलं. का खोडलं ते नक्की सांगता येत नाही.

उद्या : गोदावरीला विचारणे, कोणते तीन ठेवायचे.